महोत्सवाचा फॉर्म आणि चौदावे कलम

आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता चित्रपट काढू लागली आहेत. मोबाईलवर चित्रण करायचे, मित्राच्या लॅपटॉपवर संकलन करायचे आणि लघुपट तयार झाला की स्वतंत्र चित्रपट महोत्सवांना पाठवायचा. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग ‘फॅन्ड्री’ आला, तेव्हापासून हा उत्साह वाढतच गेला. त्याचा अभिमान मलाही आहे. पण वकिलाच्या टेबलावर पुरस्कार येत नाहीत, कागद येतात.

गेल्या वर्षी आमच्याच भागातली एक मुलगी “जयभीम ताई” म्हणत आली. तिची आई कंत्राटदाराकडे सफाई कामगार आहे. आई आणि तिच्याबरोबर पहाटे चारला झाडू घेऊन निघणाऱ्या पाच बायकांवर मुलीने २२ मिनिटांचा माहितीपट केला होता. एका महोत्सवात त्याची निवड झाली, घरी पेढे वाटले गेले. दोन महिन्यांनी त्याच चित्रपटाचे तुकडे महोत्सवाच्या प्रायोजकाच्या प्रचारफितीत दिसले. मागे संगीत, वर ‘स्वच्छतेच्या सैनिकांना सलाम’ अशी अक्षरे! आई हातमोजे मिळत नाहीत म्हणून बोलते तो भाग तेवढा गायब.

“ताई, ही चोरी नाही का?”

मी फॉर्म मागितला. इंग्रजीत होता. चौदाव्या कलमात लिहिले होते की प्रवेशिका पाठवणारा चित्रपटाचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे आयोजकांना देत आहे. खाली ‘मान्य आहे’च्या चौकटीत तिने खूण केली होती. “वाचलंच नाही. रात्री बाराला मुदत संपत होती,” ती म्हणाली.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी करार लागतो आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. कोणती कृती, कोणते हक्क, मोबदला काय, हे त्यात लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. संगणकावरची खूण म्हणजे सही नव्हे, आणि मोबदल्याचा तर फॉर्ममध्ये उल्लेखच नव्हता. याच मुद्द्यांवर मी नोटीस धाडली. खरे सांगायचे तर समोरच्याला वाद घालायला जागा होती. मालकी नसेल, पण वापराची परवानगी तरी दिलीच होती, असे ते म्हणू शकले असते. त्यांनी वाद घातला नाही, फीत काढून टाकली.

म्हणजे आम्ही जिंकलो? फीत निघेपर्यंत ती मुकादमाने पाहिली होती. पाच बायकांपैकी एकीची आठ दिवस हजेरी लागली नाही. मुलीने त्या बायकांकडून चित्रणाची लेखी संमती घेतलेली नव्हती. “आपल्याच बायका आहेत, त्यांना काय विचारायचं?” असे तिला वाटले होते. आयोजकांना मी जो प्रश्न विचारला होता, तोच मग तिलाही विचारावा लागला. ती बराच वेळ गप्प बसली. या बाबतीत माझ्या नोटिशीचा काहीच उपयोग नव्हता.

महोत्सवाला खरे तर लागते किती? ठरलेल्या दिवशी चित्रपट दाखवण्याची परवानगी आणि प्रसिद्धीसाठी एखाद-दोन मिनिटांचा तुकडा. त्यापलीकडचे कलम दिसले की पैसे भरण्याआधी ई-मेलने विचारावे. प्रामाणिक आयोजक उत्तर देतात. शुल्क परवडत नसेल तर माफी मागण्यातही लाज नाही, अनेक महोत्सव ती देतात. याउलट जिथे प्रत्यक्ष पडद्यावर काहीच दाखवले जात नाही, दर महिन्याला ‘सर्वोत्कृष्ट’ निवडले जातात आणि ट्रॉफी विकत घ्यावी लागते, ती निव्वळ दुकाने आहेत.

आता थोडे आपल्या घरातले. समाजातला एखादा पुढारी वीस हजार रुपये देतो आणि श्रेयनामावलीत ‘निर्माता’ म्हणून स्वतःचे नाव घालतो. कायद्याच्या दृष्टीने चित्रपटाचा कर्ता निर्माताच. वेगळा करार नसेल तर रात्री जागून दिग्दर्शन करणाऱ्या पोराची त्यावर मालकी नाही. वीस हजार घेण्याआधीच दोघांत कागद व्हावा.

बाबासाहेबांचे लेखन वापरता येईल का, असे मुले नेहमी विचारतात. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतो. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. त्यांच्या पश्चात प्रथम छापले गेलेले लेखन मात्र प्रकाशनापासून ६० वर्षे मोजावे लागते. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ साली छापले गेले, तेव्हा तिथे सांभाळून. भीमगीतांचेही तेच. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. बाजारातल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. गाणे हवेच असेल तर हक्कदारांची लेखी परवानगी घेऊन वस्तीतल्या गायकाकडून नव्याने गाऊन घ्यावे. नाहीतर चांगला महोत्सव याच एका कारणाने चित्रपट परत पाठवतो.

एवढे करून निवड झाली तरी शेवटचा दरवाजा सरकारचा असतो. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेले चित्रपट महोत्सवात दाखवायचे तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या ९ व्या कलमाखाली केंद्राची सूट लागते. २०१७ मध्ये तिरुवनंतपुरमच्या माहितीपट महोत्सवात तीन चित्रपटांना ती नाकारली गेली. त्यांतला एक रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनावरचा होता. २०१९ मध्ये तिथेच आनंद पटवर्धन यांच्या ‘विवेक’ची अडवणूक झाली, पण केरळ उच्च न्यायालयाने तो दाखवू दिला. गंमत पाहा. चित्रपटाच्या अभिव्यक्तीचे ठाम रक्षण करणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा रंगराजन निकाल जातीवर आधारित आरक्षणावर टीका करणाऱ्या तमिळ चित्रपटाच्या बाजूने लागलेला आहे! तो चित्रपट मला पटण्यासारखा नाही. पण निकाल मी जपून ठेवला आहे, उद्या आपल्याच मुलांसाठी तो न्यायालयात वाचावा लागेल.

त्या मुलीने सगळे पुन्हा हातात घेतले आहे. मराठीत संमतीपत्र लिहून तिने ते पाचही बायकांना मोठ्याने वाचून दाखवले. तिघींनी सही केली, दोघींनी नको म्हटले. हजेरी बुडालेली बाई नकार देणाऱ्यांत असेल असे मला वाटले होते, पण तिने पहिली सही केली. नको म्हणणाऱ्या दोघी चित्रपटातून काढल्या, आता तो १७ मिनिटांचा झाला आहे. हातमोज्यांचा भाग आहे तसाच ठेवला आहे. मागच्या आठवड्यात तिने दुसऱ्या एका महोत्सवाचा फॉर्म माझ्यासमोर बसून, प्रत्येक कलम वाचत भरला. शुल्कमाफीच्या अर्जाला उत्तर अजून यायचे आहे.