अर्ध्या वाटेचे सोबती

आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या तोंडी एक वाक्य दिवसातून वीस वेळा तरी येते : ‘औषधाचा कोर्स पूर्ण करा, ताप उतरला म्हणून मध्येच थांबवू नका.’ पंचवीस वर्षे हेच बजावत आल्यामुळे असेल, अर्धवट सोडलेल्या कोणत्याही गोष्टीकडे मी संशयानेच पाहतो. त्यामुळे ‘अ वॉक इन द वूड्स’ (२०१५) हा विनोदी चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा पोटभर हसलो खरा, पण शेवट मुळीच पटला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यातील नायक रॉबर्ट रेडफर्ड वयाच्या ८९ व्या वर्षी निवर्तले. त्या निमित्ताने तो पुन्हा पाहिला आणि माझे जुने निदान चुकल्याचे ध्यानी आले.

बिल ब्रायसन या प्रवासलेखकाच्या १९९८ सालच्या पुस्तकावर हा चित्रपट बेतलेला आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाचियन ट्रेल ही पायवाट जॉर्जियापासून मेनमधील कटाहडिन पर्वतापर्यंत, चौदा राज्यांतून सुमारे ३५०० किलोमीटर जाते. आम्हा इंदूरकरांच्या मनात लांब पायी वाट म्हटले की नर्मदा परिक्रमा येते. परंतु तेथे परिक्रमावासीयांना ठिकठिकाणी सदावर्त मिळते. या वाटेवर तंबू, शिधा, सारे पाठीवर.

बिलला ही वाट चालायची आहे. पत्नीचा (एमा थॉम्प्सन) आग्रह, एकट्याने जायचे नाही. एकेक मित्र नकार देतो. अखेर न बोलावता येतो तो स्टीफन कॅट्झ (निक नोल्टी) – स्थूल, लंगडणारा, धापा टाकणारा, मद्याचे व्यसन कसेबसे आवरून असलेला. आपल्यापैकी एकही डॉक्टर याला फिटनेस सर्टिफिकेट देणार नाही! मग सुरू होते दोघांची फजिती. वरच्या मजल्यावरचा कॅट्झ पलंगासकट बिलवर कोसळतो. अस्वले दारी येताच दोघे तंबू अंगावर घेऊन, अक्राळविक्राळ होऊन ओरडतात.

प्रत्यक्ष प्रवासाच्या वेळी ब्रायसन पंचेचाळिशीच्या आसपास होते. रेडफर्ड मात्र पंचाहत्तरी ओलांडलेले. काहींना हा दोष वाटतो. मला वाटते, गंमत येथेच आहे. पंचेचाळिशीत वाट सोडली तर पुन्हा येता येईल, असे म्हणता येते. या दोघांना तसे म्हणता येत नाही. (कॅट्झची भूमिका पॉल न्यूमन यांनी करावी, अशी रेडफर्ड यांची मूळ इच्छा होती. ‘द स्टिंग’मधील ती जोडी पुन्हा दिसली असती, २००८ मध्ये न्यूमन गेले.)

अखेरीस ते वाट अर्ध्यावर सोडून घरी परततात. पुस्तकातील हिशोबही तसाच : चाल ८७० मैलांची, म्हणजे जेमतेम चाळीस टक्के. प्रथम पाहताना मी तेवढेच मोजले होते. दुसऱ्यांदा लक्ष गेले ते कॅट्झकडे. कोणीतरी त्याला सोबत नेले होते.

असाच एक कॅट्झ माझाही आहे. वसतिगृहातील खोलीसोबती, माझ्यापेक्षा हुशार. एम.डी. करता करता पिण्यात गुंतला आणि शिक्षण सोडून गावी गेला. मी त्याला एक लांबलचक पत्र लिहिले होते. त्यात उपदेश भरपूर होता, ‘कसा आहेस’ हे दोन शब्द मात्र नव्हते. उत्तर आले नाही. मीही पुन्हा लिहिले नाही. अठरा वर्षे गेली.

चित्रपट संपल्यावर रात्री दहाला त्याचा नंबर शोधून फोन लावला. आवाज त्याने लगेच ओळखला. ‘काय रे, कोण गेलं?’ हा त्याचा पहिला प्रश्न! या वयात जुना मित्र फोन करतो तो अशाच बातमीसाठी, हे त्याचे गणित. कोणी गेले नाही म्हटल्यावर बराच वेळ बोलला. तालुक्याच्या गावी एम.बी.बी.एस.वर दवाखाना चालवतो. नऊ वर्षे झाली, थेंब घेतलेला नाही. माझे ते पत्र अजून जपून ठेवले आहे, असेही म्हणाला. मला पुढे काही सुचेना.

‘चालायला येतोस का कुठे?’ मी विचारले.

‘गुडघे गेलेत. लांबचं सांगू नकोस.’

शेवटी ओंकारेश्वर ठरले. तेथील ओंकार पर्वताची परिक्रमा सुमारे सात किलोमीटरांची आहे. त्याने एकच अट घातली : पिशवी मी उचलायची.