पदवीनंतर उद्योग : इरादा मनात कसा रुजतो?

पदवीचा निकाल हाती आला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘नोकरी कुठे लागली?’ ‘काय सुरू करणार?’ असे विचारणारे घर विरळाच. हा केवळ भांडवलाचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटत नाही. त्याचे एक मूळ मनात आहे.

मानसशास्त्रज्ञ आइसेक एझेन यांनी १९९१ साली विस्ताराने मांडलेल्या नियोजित वर्तनाच्या सिद्धान्तानुसार माणसाचा इरादा तीन गोष्टींनी घडतो. पहिली, त्या कृतीविषयीचे स्वतःचे मत : धंदा म्हणजे स्वावलंबन की जिवाला घोर? दुसरी, जिवलगांची अपेक्षा : आईवडील काय म्हणतील? तिसरी, ‘हे मला जमेल’ ही जाणीव. पदवीधरांविषयीच्या अनेक अभ्यासांत पहिली व तिसरी गोष्ट अधिक प्रभावी आढळली. जिवलगांच्या मताचा थेट परिणाम त्यामानाने क्षीण दिसतो. म्हणून पालकांनी निश्चिंत होऊ नये. बालपणापासून कानी पडलेले शब्दच पुढे मुलांचे ‘स्वतःचे मत’ होऊन बसतात.

‘मला जमेल’ हा विश्वास येतो कोठून? आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली त्याचे चार स्रोत सांगितले : स्वतः मिळवलेले छोटे यश, आपल्यासारख्याच कुणाचे यश पाहणे, विश्वासू व्यक्तीचे प्रोत्साहन आणि मनाची स्थिरता. यांत स्वानुभव सर्वांत बलवान. सुट्टीत शेतमाल विकून हिशेब ठेवणारी मुलगी व्याख्यानातून मिळणार नाही ते शिकते.

ही वृत्ती जन्मजातच असते काय? १९६४ साली डेव्हिड मॅक्लेलंड व सहकाऱ्यांनी आंध्रातील काकिनाडा येथील व्यावसायिकांना हैदराबादेत प्रशिक्षण दिले. फार सोपे नव्हे, अशक्यही नव्हे, असे ध्येय निवडण्याची सवय त्यांना लावण्यात आली. पुढे प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा त्यांच्या व्यवसायांत अधिक हालचाल दिसली. ते नवपदवीधर नव्हते, हे खरे. तथापि सिद्धीची ओढ जोपासता येते, एवढे त्यातून दिसले.

इरादा म्हणजे कृती नव्हे. भांडवल, बाजारपेठ आणि घरची जबाबदारी यांचा विचार करावाच लागतो; नोकरीची निवडही तितकीच सन्मान्य आहे. परंतु ज्याचे दुकान वर्षभरात बंद पडले, त्या तरुणाकडे आपण कसे पाहतो, हे शेजारची मुले निरखीत असतात. त्याच्या वाट्याला कुचेष्टा आली, तर त्यांचाही इरादा तेथेच विझतो. त्याला ‘काय शिकलास?’ असे आपुलकीने विचारणे आपल्या हाती आहे.