घरात समुद्र, पण मातीचा

कोकण-गोव्याच्या सहलीहून परतताना समुद्राची एखादी खूण बरोबर आणावी, असे अनेकांना वाटते. मग दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात शंख-शिंपल्यांशेजारी प्रवाळाचा पांढरा तुकडाही विराजमान होतो. मात्र ही हौस समुद्राला महागात पडते. प्रवाळभित्ती घडवणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि नॉटिलससारखे काही शंख २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट करण्यात आले. त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे. घुमटाकार प्रवाळ वर्षाला सुमारे ०.३ ते २ सेंटिमीटरच वाढते. किनाऱ्यावरचा रिकामा शंखही निरुपयोगी नसतो. त्यात खेकड्याची एक जात बिऱ्हाड थाटते.

हाताने घडवलेली सिरॅमिकची वस्तू हा याला सुंदर पर्याय आहे. ओल्या मातीवर शिंपल्याचा ठसा उमटवून थाळी किंवा टाइल घडवली जाते. एकच शिंपला शेकडो ठशांना पुरतो. भट्टीत झिलई वितळते, तेव्हा ती खोलगट भागात साचते आणि उंचवट्यांवर विरळ राहते. त्यामुळे एकाच निळ्या रंगात उथळ आणि खोल पाण्याचा भास होतो. तांब्यामुळे हिरवट निळी, तर कोबाल्टमुळे गडद निळी छटा मिळते. यंत्राने छापलेल्या चित्रात ही खोली येत नाही.

ही परंपरा प्राचीन आहे. ग्रीसमधील क्रीट बेटावरच्या मिनोअन कुंभारांनी इसवी सनपूर्व १५००च्या सुमारास भांड्यांवर अष्टपाद रंगवले. त्यांचे बाहू भांड्याच्या गोलाईला वेढा घालतात. नक्षी आकाराशी एकजीव झाली की वस्तू खुलते, हा त्यातला धडा आजही खरेदी करताना उपयोगी पडतो.

वस्तू निवडताना तिचा तळ आवर्जून पाहावा. तेथील झिलई नसलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच शोषला गेला, तर माती कमी तापमानाला भाजलेली व सच्छिद्र आहे असे समजावे. अशी वस्तू भिंतीवर शोभेल. फुलदाणी म्हणून मात्र ती पाझरू शकते. सुमारे १२०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजलेले स्टोनवेअर पाण्यासाठी योग्य ठरते. थाळी जेवणात वापरायची असल्यास झिलई शिसेविरहित असल्याची खात्री करून घ्यावी.

मांडणीत संयम हवा. शंख, मासे, होड्या आणि लाटा एकाच खोलीत गोळा केल्यास घराला दुकानाची कळा येते. पांढऱ्या किंवा वाळूच्या रंगाच्या भिंतीवर लहानमोठ्या तीन थाळ्या पुरेशा आहेत. बाजूने येणाऱ्या प्रकाशात त्यांवरील उठाव स्पष्ट दिसतो. जड थाळी चिकटपट्टीवर न टांगता भिंतीत स्क्रू बसवून टांगावी. न्हाणीघरात मोजक्या टाइल्सचा एक पट्टा शोभून दिसतो. मात्र बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग साचू नयेत म्हणून तो वरचेवर मऊ फडक्याने पुसावा.