धर्माचे समाजशास्त्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

धर्माचे समाजशास्त्र म्हणजे श्रद्धेवर नास्तिकांनी केलेली चढाई, हा या विषयाबद्दलचा सर्वांत जुना गैरसमज आहे. देव आहे की नाही, मोक्ष मिळतो की नाही, हे प्रश्न समाजशास्त्राच्या पद्धतींनी सिद्धही करता येत नाहीत आणि खोडूनही काढता येत नाहीत. देव मानणारी माणसे एकत्र येऊन काय करतात, कोणाला जवळ करतात, कोणाला दूर ठेवतात आणि त्यातून समाज कसा घडतो, हे या शास्त्राचे प्रश्न. एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या विधींवरून असे मांडले की कोणताही धर्म मुळात खोटा नसतो. सामूहिक जीवनातील खऱ्याखुऱ्या गरजेलाच तो उत्तर देत असतो. पुढच्या पिढीतले पीटर बर्गर तर स्वतः श्रद्धावान ल्यूथरपंथी होते.

या शास्त्राच्या आद्य विचारवंतांचीही एकेका वाक्यात बोळवण केली जाते. मार्क्स यांनी धर्माला अफू म्हटले, एवढेच लोकांना आठवते. १८४४ च्या त्याच परिच्छेदात धर्म हा दुःखाचा आविष्कार आणि दुःखाविरुद्धचा निषेधही आहे, असे त्यांनी लिहिले आहे. मॅक्स वेबर यांच्या मते प्रोटेस्टंट पंथामुळे भांडवलशाही जन्माला आली, हाही असाच समज. धर्मसुधारणेतून भांडवलशाही निर्माण झाली, असे म्हणणे त्यांनी स्वतःच मूर्खपणाचे ठरवले होते. कॅल्व्हिनपंथी शिस्त आणि नफा पुन्हा धंद्यात घालण्याची वृत्ती यांचे सूत कसे जुळले, एवढेच त्यांना दाखवायचे होते.

धर्म समजून घ्यायचा तर धर्मग्रंथ वाचावेत, हे मत सुशिक्षितांमध्ये सर्रास आढळते. ग्रंथ काय सांगतो आणि माणसे काय करतात, यांतले अंतर मात्र प्रत्यक्ष माणसांत गेल्याशिवाय कळत नाही. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर एका दिंडीबरोबर चालल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. दिंडीत ब्राह्मण होते, मराठेही होते. अभंग एकच, वाट एकच, विठोबाही एकच. पण मुक्कामाला चुली वेगळ्या आणि पंगती वेगळ्या. एकाच दिंडीचे हे दोन तुकडे त्यांना रोज सलत राहिले. संतांनी भक्तीत भेद मानला नाही, हे खरे. वारीत जातपात उरत नाही, ही समजूत मात्र त्या चुलींपुढे टिकत नाही. याच लेखात त्यांनी महाराष्ट्राची एक व्याख्याही केली : ज्या भूमीतले लोक पंढरीला जातात, ती भूमी महाराष्ट्र. एकच वारी एका प्रदेशाला ‘आपण’ म्हणायला शिकवते आणि त्याच वेळी आतल्या भिंतीही जपते. दोन्ही गोष्टी एकत्र नोंदवणे हेच समाजशास्त्राचे खरे बळ आहे, आणि कर्वे यांचा लेख मराठीत त्याचा उत्तम नमुना ठरतो.

धर्मांतराविषयीचे गैरसमज अधिक घातक आहेत. माणूस धर्म बदलतो तो भुलवल्यामुळे किंवा डोके फिरवल्यामुळे, असे सहज बोलले जाते. १९७० च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत ‘मूनी’ पंथावर हाच आरोप होता. आयलीन बार्कर यांनी त्या पंथाचा अनेक वर्षे अभ्यास करून १९८४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडन परिसरात पंथाच्या निवासी शिबिरांना आलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पंथात गेलेच नाहीत, आणि गेलेल्यांतलेही बरेचसे दोनेक वर्षांत बाहेर पडले. इतके दुबळे संमोहन कोणत्याही पंथाच्या कामाचे नाही.

महाराष्ट्रातले उदाहरण याहून मोठे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा येवल्यात १९३५ साली केली आणि नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची आणि जाहीर चर्चेची होती. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध होते सुमारे अडीच हजार; १९६१ मध्ये ही संख्या जवळपास २८ लाखांवर गेली. वस्त्याच्या वस्त्यांनी मिळून घेतलेला हा निर्णय होता. त्यात श्रद्धा होती, तशीच माणूस म्हणून प्रतिष्ठेची मागणीही होती. हे धर्मांतर निव्वळ राजकीय होते म्हणणारे आणि त्याला केवळ आध्यात्मिक मानणारे, दोघेही अर्धेच पाहतात.

विज्ञान वाढले की धर्म आपोआप ओसरतो, हे भाकीत एकेकाळी समाजशास्त्रज्ञांनीच केले होते. बर्गरही १९६० च्या दशकात त्या मताचे होते. १९९९ मध्ये त्यांनी ते उघडपणे मागे घेतले. पश्चिम युरोपात चर्चचे वजन घटले, हे खरे. भारतात २०१९-२० साली प्यू संस्थेने सुमारे ३०,००० प्रौढांची पाहणी केली, तेव्हा ९७ टक्के लोकांनी देव मानतो असे सांगितले.

अशा आकड्यांवरूनच शेवटचा गैरसमज निघतो : प्रत्येक माणसाचा धर्म एक आणि तो मोजता येतो. जपानमध्ये धार्मिक संस्थांनी कळवलेल्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते, कारण तीच माणसे शिंतो देवस्थानातही जातात आणि बौद्ध मंदिरातही. भारताच्या २०११ च्या जनगणनेत सहा प्रमुख धर्मांना स्वतंत्र रकाने होते. तरीही सुमारे ५० लाख आदिवासींनी ‘इतर’मध्ये ‘सरना’ असे लिहवून घेतले. झारखंड विधानसभेने २०२० मध्ये स्वतंत्र सरना नोंदीचा ठराव केला. धर्मांची टक्केवारी वाचताना रकाने कोणी आखले आणि त्यांत कोणाला जागा मिळाली नाही, हे वाचकांनी आधी पाहावे.