दर्शक कोणता घ्यावा?

लोणच्यात घालतो त्या शिरक्यात आम्ल किती, हे कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबथेंब सोडून मोजतात. थांबायचे केव्हा, ते दर्शकाचा रंग सांगतो.

शिरक्यातले आम्ल सौम्य, सोडा मात्र तीव्र. म्हणून आम्ल पुरते संपते त्या क्षणी द्रावण उदासीन, म्हणजे सामू ७ चे, नसते. सामू पावणेनऊच्या आसपास जातो. फिनॉल्फ्थॅलीन ८.२ च्या वर गुलाबी होऊ लागते; इथे तेच हवे. मिथिल ऑरेंज ४.४ लाच पिवळे होऊन बसते. तोवर एक तृतीयांशही आम्ल संपलेले नसते, आणि चांगला शिरका पाणी घातलेला ठरतो!

तेव्हा गुरुजी, हाताला लागेल ती बाटली उचलू नका. मुलांना आधी विचारा : शेवटी द्रावण कोणत्या बाजूला झुकणार?