खुणा सांभाळताना (भाग ६) : दगड उभा करण्याआधी

मागच्या भागात आपण अंजनेरीच्या जैन मंदिरातला शके १०६३ चा यादवकालीन शिलालेख पाहिला. तो लेख विद्वानांनी वाचला, छापला, आणि तिथला मंदिरसमूह केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आला. पण ज्या खुणांवर एक अक्षरही कोरलेले नाही आणि कुठल्याच यादीत ज्यांची नोंद नाही, त्यांचे काय? पाराला टेकवलेली वीरगळ, बांधावर आडवी पडलेली सतीशिळा, गाळाने भरलेले गडावरचे टाके. यांना वाली दोघेच: एक गाव, आणि दुसरी रविवारी घमेली-फावडी घेऊन निघणारी हौशी मंडळी.

नाशिकला अशी मंडळी लाभली आहेत. शिवकार्य गडकोट संवर्धन संस्थेचे कार्यकर्ते जिल्ह्यातल्या किल्ल्यांवर वर्षानुवर्षे श्रमदान करत आले आहेत. पेठ रस्त्यावर, दिंडोरी तालुक्यातल्या आशेवाडीजवळचा रामशेज हे त्यांच्या मेहनतीचे एक मुख्य ठिकाण. संभाजी महाराजांच्या काळात, १६८२ मध्ये, औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीनखान याने या गडाला वेढा घातला. समोरासमोर मारा करता यावा म्हणून त्याने लाकडी दमदमा उभारला, तरी गड हाती आला नाही. त्याच्यानंतर दुसरे सरदार आले, वेढा वर्षांवर वर्षे लांबला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. लाकडाच्या तोफा करून, त्यांवर कातडे मढवून मराठे मारा करत, असे मोगलांच्याच बाजूचा इतिहासकार खाफीखान लिहून ठेवतो.

इतकी वर्षे तग धरणाऱ्या शिबंदीला सर्वांत आधी लागते ते पाणी. म्हणून रामशेजवर कातळात खोदलेली टाकी मला दरवाजाइतकीच मोलाची वाटतात. टाके बुजले की गडाच्या लढ्याचे निम्मे कारणच डोळ्यांआड होते. गाळ उपसणारे हात त्या वेढ्याचा पुरावाच मोकळा करतात, हे आपण नीट ओळखले पाहिजे.

मात्र गाळ उपसण्यालाही रीत आहे. वरचा पालापाचोळा आणि प्लास्टिक बिनधास्त काढावे. खालचा गाळ थरांनी काढावा आणि बाहेर टाकण्याआधी चाळावा. पहार तळाच्या कातळावर आदळू नये, कारण छिन्नीचे जुने घाव तिथेच टिकलेले असतात. नाणे, खापर, तोफगोळा काहीही सापडले तर ते कुणाच्या दिवाणखान्यात जाता कामा नये. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवलेच पाहिजे, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, आणि तो आजही लागू आहे.

आता वीरगळीकडे येऊ, कारण सर्वाधिक नुकसान तिचेच होते, आणि तेही प्रेमापोटी.

वीरगळ खालून वर वाचायची. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. शेजारी गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन राखताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि माथ्यावर कलश, चंद्र, सूर्य: म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहो. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळींवर नाव नसते. पण वीराचे स्मरण नाशिकला परके नाही. धुलिवंदनाच्या दिवशी इथे दाजीबा वीराची मिरवणूक निघते आणि घरोघरचे वीरांचे टाक गोदावरीवर स्नानाला नेले जातात. ज्या गावात ही प्रथा जिवंत आहे, तिथे बांधावरच्या वीरगळीसाठी माणसे गोळा करणे अवघड जाऊ नये.

अडचण पुढे येते. दगड सापडतो, उत्साह दाटतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याला ऑइलपेंट लागतो, भोवती सिमेंटचा कट्टा होतो, वर फरशी बसते. रंगाचा थर ओल आत कोंडतो आणि काही पावसाळ्यांनी पोपडा सुटतो तो कोरीवकामाचा पृष्ठभाग घेऊनच. सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात. तारेचा ब्रश आणि ॲसिड तर अप्सरेचा चेहराच पुसून टाकतात. हे नुकसान भरून निघत नाही. त्यापेक्षा ती वीरगळ मातीत पडून राहिलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग करायचे काय? हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो, मापे, आणि तोंड कोणत्या दिशेला होते याची नोंद. गावकऱ्यांची संमती. शेंदूर लावून पूजा होत असेल तर तो खरवडण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या कुणालाही नाही. धुवायला साधे पाणी आणि मऊ ब्रश. चार फूट उंच, दीड फूट रुंद, आठ इंच जाड काळ्या पाषाणाचे वजन तीनशे किलोच्या आसपास भरते. त्यामुळे जेसीबीची साखळी न लावता दोर, गोणपाट आणि लाकडी ओंडके वापरून, अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच तो उचलावा. शक्यतो त्याच जागी, मुरूम आणि दगडांच्या भरावात, चुन्याचा आधार देऊन उभा करावा, आणि पायथ्याशी पाणी साचणार नाही असा उतार ठेवावा.

दगडावर अक्षरे असतील तर जाणकाराकडून ठसा घ्यावा. ओला कागद दगडावर बसवून ब्रशने हलके ठोकतात; कागद खोलगट अक्षरांत शिरतो, मग वरून शाई टिपली की अक्षरे पांढरी उमटतात. ठशाची सोय नसेल तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. दुपारी सपाट वाटणारा दगड त्या वेळी बोलू लागतो.

जाणकाराला सोबत घेण्याचे एक उदाहरण मुंबईचे. तिथे ब्रिटिश काळातले मैलाचे दगड रस्त्यांची उंची वाढत गेल्याने माथ्यापर्यंत गाडले गेले होते. सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचे अंतर सांगणारे हे दगड खणून पुन्हा वर आणले गेले, ते वारसा-वास्तुतज्ज्ञांना सोबत घेऊन. गावच्या मंडळालाही तज्ज्ञाचा एक फोन परवडतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असते. राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो. त्यांच्या संगोपनात संस्थांना सहभागी करून घेणारी ‘महाराष्ट्र वैभव’ ही शासनाची योजनाही आहे. संरक्षित वास्तूवर परवानगीशिवाय दगडही हलवू नये, हेतू कितीही चांगला असो.

तुमच्या गावात, शिवारात किंवा गडाच्या वाटेवर अशी वीरगळ किंवा सतीशिळा असेल, तर या आठवड्यात एवढेच करा: तिचा फोटो काढा, जागा आणि मापे लिहा, गावातल्या वडीलधाऱ्यांकडून तिची हकिकत उतरवून घ्या, आणि ही माहिती राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयाला कळवा. रंगाचा डबा मात्र घरीच ठेवा.