एकच साइट उघडेना, तर?

बाकी सगळं सुरळीत, पण एकच साइट उघडत नाही. आधी वायफाय बंद करून तीच साइट मोबाइल डेटावर उघडून बघा. तिथंही अडली, तर दोष बहुधा साइटचाच. उघडली, तर घोळ संगणकात, राउटरमध्ये किंवा इंटरनेट कंपनीकडे.

आपण टाइप करतो नाव. संगणकाला हवा असतो आकडी पत्ता. तो शोधून देणारी डीएनएस यंत्रणा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये मांडली. सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकल्यावर साइट उघडली, तर गडबड आधीच्या डीएनएसची होती, हे उघड आहे.

विंडोजमध्ये ‘होस्ट्स’ नावाची साधी फाइलही असते. तिच्यात एखाद्या व्हायरसनं साइटच्या नावाआधी १२७.०.०.१ लिहून ठेवलं, की संगणक स्वतःचंच दार ठोठावत बसतो. ती ओळ पुसली की काम झालं.

एकदम अनेक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणू लागल्या, तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा चपटा सेल संपला, की तारीख काही वर्षं मागे जाते. मग साइटच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही, असं ब्राउझर समजतो. सेल बदला, तारीख लावा. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर साइट बंद असेल, तर खटपट न करता आयटी विभागाला विचारा.